कुजबुजला कंठ फुटला

दाताच्या डॉक्टरला घरीदारी सगळे ‘कुजबुज’ म्हणत, पण म्हणून तो अबोल होता असं कुणी समजू नये. पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून तो त्याला सुट्टीत कुठे जाणार ते विचारायचा, आणि पेशंट नुसता ‘आँ’ करत असताना स्वतःच उत्तर देऊन वर सल्लाही द्यायचा. कुजबुज हे नाव पडलं होतं त्याच्या गिटारमुळे.

रविवारी दुपारी बेकरीच्या मागच्या गोदामात चौघं जमत. ड्रमवर खुद्द बेकरीवाला. मैदा मळून मळून त्याचे दंड असे भरले होते की हलक्या हाताने काही वाजवणं त्याला जमायचंच नाही. बेस गिटारवर डॉक्टरचा साडू. त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि गोळ्यांच्या पट्टीवरची तारीख वाचावी तशा बारकाईने तो प्रत्येक गाणं तपासायचा. गायला साडूची बायको, म्हणजे डॉक्टरच्या बायकोची थोरली बहीण. तिला तिचा नवरा सोडून सगळे ताई म्हणत. आणि चौथा डॉक्टर. गिटारचा आवाज मोठा करणारा त्याचा अ‍ॅम्प जेमतेम जेवणाच्या डब्याएवढा होता. ताईच्या शेजारी स्टुलावर तो ठेवलेला असे, म्हणून तिला त्यातलं थोडंफार ऐकू यायचं. बाकीच्यांना ड्रमच्या दणदणाटात काहीच नाही.

“डॉक्टर वाजवतायत ना?” बेकरीवाला मधेच विचारायचा.

“बोटं हलताना दिसतायत,” साडू म्हणायचा. “म्हणजे जिवंत आहेत.”

डॉक्टरचं म्हणणं एकच. हातात कला आहे, पण अ‍ॅम्प लहान आहे. एकदा का खरा ट्यूबवाला अ‍ॅम्प आला, की मग बघा.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” त्याची बायको म्हणायची. ती दवाखान्याच्या पुढच्या टेबलावर बसून पेशंटना वेळा द्यायची, त्यामुळे नवऱ्याला किती वेळ द्यायचा हेही तिला नेमकं कळायचं.

आणि एक दिवस तो अ‍ॅम्प आला. आणणाऱ्या माणसाने खोकं दारात टेकवलं आणि कुणी ‘आत आणून द्या’ म्हणायच्या आत तो जिना उतरून पसार झाला. डॉक्टरने खोक्याला मिठी मारली, दात-ओठ खाल्ले, आणि खोकं जागचं न हलता डॉक्टरच थोडा हलला. शेवटी नवरा-बायकोने ते चादरीवर घालून ओढत ओढत बैठकीच्या खोलीत नेलं.

“फ्रिज मागवलास की काय?” बायको धापा टाकत म्हणाली.

खोक्यातून निघाला काळा, जाड कातडी वाटावी अशा कापडाने मढवलेला पेटारा. समोर करड्या जाळीचं कापड, वर बटणांच्या रांगा. एकेका चॅनेलची, म्हणजे एकेका जातीच्या आवाजाची, वेगळी रांग, आणि चॅनेल तीन. शिवाय चॅनेल बदलायला पायाने दाबायची एक वेगळी पट्टी. बायकोने त्या रांगांवरून बोट फिरवलं. “एवढी बटणं तर आपल्या दवाखान्यातल्या खुर्चीलाही नाहीत.”

“आत ट्यूब आहेत,” डॉक्टर पाठीमागच्या जाळीतून आत डोकावत म्हणाला. “जुन्या रेडिओत असायच्या ना, काचेच्या, तशा. त्या तापल्याशिवाय आवाज सोडायचा नसतो. धीर धरावा लागतो.”

“म्हणजे तुझ्यासारखंच. तुझीही ट्यूब उशिराच पेटते.”

त्याने पहिला खटका दाबला आणि खुर्चीवर बसून राहिला. जाळीमागे हळूहळू नारिंगी उजेड फुलला. इस्त्री तापताना येतो तसा वास खोलीत पसरला. मग दुसरा खटका. अ‍ॅम्पने एक बारीक ‘हं’ केलं, हाक मारल्यावर मोठी माणसं करतात तसं.

पहिल्या चॅनेलवर, म्हणजे स्वच्छ आवाजाच्या ‘क्लीन’वर, त्याने साधा एक कॉर्ड छेडला, आणि त्याचा हात तारांवरच थांबला. सहाच्या सहा तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. जुन्या डब्यात सगळं एकत्र कालवून यायचं. इथे प्रत्येक तार स्वच्छ धुऊन, पुसून समोर मांडलेली. पण तिच्याबरोबर बाकीचंही सगळं येत होतं. नख घासल्याची खरखर, अर्धवट दाबलेल्या तारेची गुरगुर, बोट सरकताना झालेली ‘चुईं’. एक्स-रे काढल्यावर पेशंटचा चेहरा कसा होतो ते डॉक्टरने हजारदा पाहिलं होतं. आज तसा चेहरा त्याचा स्वतःचा झाला.

त्याने घाईघाईने दुसरा चॅनेल लावला. तिथे आवाजाला धार आली. हळू छेडलं तर गोड, जोरात मारलं तर खेकसणारा. तिसऱ्यावर तर एक तार ओढून हात काढून घेतला तरी ती गातच राहिली. सूर खोलीभर फिरला, कपाटातले पेले थरथरले, आणि जिन्यात कुणीतरी आपलं दार धाडकन लावून घेतलं.

“कळले मला तुझे चॅनेल,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “पहिला पाहुण्यांसमोरचा आवाज. दुसरा पाहुणे गेल्यावरचा. आणि तिसरा, पाहुणे पुन्हा रविवारी येणार म्हटल्यावरचा. आमच्या ताईकडे हे तिन्ही आहेत, आणि तिला वीज लागत नाही.”

एवढ्यात साडूचा फोन आलाच. “काय डॉक्टर, पहिलं मत काय?”

“जड आहे हो, भाऊ.”

“आवाज?”

“आवाज नव्हे. माझी कंबर धरलीय.”

आता इथे साडूच्या घरातल्या एका जुन्या भांडणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

लग्नाच्या आधी साडूने ताईसाठी एक गाणं रचलं होतं. चौघं ते दर रविवारी वाजवत. गाण्यातली मुलगी खिडकी उघडी ठेवून बसली आहे, वाट पाहून थकली आहे, मग दाराशी चाहूल लागते, आणि शेवटच्या ओळीत ती एवढंच म्हणते, ‘आलास तू.’ साडूच्या मनात तिथे आनंद होता. सूर वर उघडायचा, खिडकीसारखा. पण ताई नेमका त्याच जागी सूर किंचित खाली घ्यायची, आणि ‘आलास तू’ अगदी उदास होऊन यायचं.

“अगं, तो आलाय!” साडू कळवळून म्हणायचा. “आनंदाने म्हण! तू अशी म्हणतेस, जणू आलेला पाहुणा महिनाभर राहणार आहे.”

“अहो, मला तो सूर तिथेच ऐकू येतो,” ताई म्हणायची. “मी काय करू?”

हे वर्षानुवर्षं चाललं होतं. जेवताना, गाडीत, नातेवाइकांकडे. धाकट्या बहिणीकडे येऊन ताई म्हणायची की माझं लग्न एका माणसाशी नाही, एका सुराशी झालंय. आणि साडूने तर एकदा कहर केला. तिला कान तपासायला पाठवलं.

तर रविवार उजाडला. डॉक्टर आणि साडू अ‍ॅम्प गाडीतून काढून दोन्ही बाजूंनी धरत, थांबत, एकमेकांच्या पायांवर टेकवत गोदामापाशी आणत होते, तेव्हा बेकरीवाला बाहेर आला. त्याने तो मैद्याच्या पोत्यासारखा खांद्यावर टाकला आणि आत नेऊन ठेवला. खटका दाबून थांबायचं असतं हे त्याला सांगावंच लागलं नाही. जाळीमागचा उजेड बघून तो खूश झाला. “ही तर भट्टी आहे. आधी तापू द्या, मग बोला.”

डॉक्टरने क्लीन चॅनेलवर पहिला कॉर्ड छेडला. गोदामात सगळीकडे पोत्यांच्या थप्प्या, त्यामुळे आवाज इकडेतिकडे आपटला नाही. भरला आणि राहिला. बेकरीवाल्याच्या हातातल्या काड्या तशाच वर राहिल्या.

“अहो डॉक्टर,” तो म्हणाला, “तुम्ही खरंच वाजवता की!”

“मग इतकी वर्षं काय लोणी लावत होतो?” डॉक्टरची छाती फुगली.

दोन गाणी झोकात झाली. दुसऱ्यात पायाने पट्टी दाबायची होती, तर डॉक्टरने नको तेच बटण दाबलं आणि हळुवार ओळीच्या मधोमध तिसरा चॅनेल डरकाळी फोडून उठला. ताई दचकून पोत्यावर बसली. पण कुणी रागावलं नाही. नव्या सुनेचं पहिल्या दिवशी दूध उतू गेलं तर कोण बोलतं?

मग खिडकीचं गाणं आलं. डॉक्टरने नीट खाली बघून पहिला चॅनेल लावला. खिडकी उघडी राहिली, वाट पाहून झाली, चाहूल लागली, आणि ‘आलास तू’वर डॉक्टरचा कॉर्ड गोदामभर पसरला.

साडूचा हात थांबला. “थांबा. थांबा जरा. डॉक्टर, तिथे काय वाजवलंत?”

“जी मेजर. तुम्हीच शिकवलेला.”

“परत वाजवा.”

डॉक्टरने वाजवला. ड्रमचा आवाज नसल्याने तो आता आणखीच मोकळा वाजला. पावसाळी दुपारसारखा.

“हे तर कुणी गेल्यासारखं वाटतं,” बेकरीवाला हळूच म्हणाला.

“हा मायनर आहे,” साडू म्हणाला.

“नवीन अ‍ॅम्प आहे भाऊ,” डॉक्टर घाम पुसत म्हणाला. “अजून पुरता तापला नसेल.”

“डॉक्टर, भट्टी गार असली तर पाव कच्चा राहतो,” बेकरीवाला म्हणाला. “पावाचं बिस्किट होत नाही.”

साडू जवळ आला आणि चष्मा कपाळावर चढवून डॉक्टरच्या डाव्या हाताकडे निरखून बघू लागला. मेजर आणि मायनरमध्ये तिथे एका बोटाचा फरक. मधलं बोट तारेवर टेकलं तर आनंद, नाही टेकलं तर दुःख. डॉक्टरचं मधलं बोट तारेच्या वर अधांतरी उभं होतं, बस येईल म्हणून वाट बघणाऱ्या माणसासारखं. आधीच्या कॉर्डवरून इथे उडी मारताना बाकीची बोटं पोचत होती आणि हे एक मागे राहत होतं.

“कधीपासून?” साडूने विचारलं.

डॉक्टरने बोटाकडे पाहिलं. बोट काही बोललं नाही. “पहिल्यापासूनच असेल,” तो म्हणाला. आणि या वेळी त्याचा आवाज खरोखरच कुजबुजल्यासारखा निघाला.

एकेकाची ट्यूब पेटत गेली. सगळ्यात आधी ताईची. तिने माइक पोत्यावर ठेवला.

“म्हणजे मी इतकी वर्षं डॉक्टरांच्या गिटारवर गात होते,” ती सावकाश म्हणाली. “या खोलीत त्यांचं वाजवणं ऐकू येणारी मी एकटी. ते जिथे नेत होते तिथे मी जात होते.”

“मी खालचा सूर वाजवतो, तो दोन्हीत सारखाच,” साडू स्वतःशीच पुटपुटला. “त्यामुळे मला कधी पत्ताच…”

“अहो, तुम्ही मला कान तपासायला पाठवलंत!”

“ते आपलं काळजीपोटी…”

“आणि तो कानाचा डॉक्टर म्हणाला, बाईंचे कान उत्तम आहेत. तर घरी येऊन तुम्ही काय म्हणालात? डॉक्टर बदलू म्हणालात!”

“डॉक्टर बदलायलाच हवा होता,” साडूने दाताच्या डॉक्टरकडे जळजळीत नजर टाकली. “कानाचा नव्हे.”

मग नवरा-बायको प्रथमच एका बाजूला झाले आणि त्या बाजूने दोघं मिळून डॉक्टरला झोडपू लागले. माझा संसार, माझं गाणं, माझे कान, माझी झोप. डॉक्टर अ‍ॅम्पच्या आडोशाला सरकला. निदान आडोसा घेण्याइतका तो मोठा होता.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, तर ती हसता हसता जमिनीवर बसली. डोळे पुसून झाल्यावर तिने नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहिला आणि चहा ठेवला.

“तो अ‍ॅम्प परत करावा म्हणतो,” डॉक्टर म्हणाला. “चहाडखोर आहे.”

“पेशंट म्हणतात का, एक्स-रे परत घ्या, किडलेला दात राहू दे?”

दुसऱ्या दिवसापासून तो दवाखाना बंद करून आला की अ‍ॅम्प तापत ठेवायचा, आवाज अगदी बारीक करायचा आणि ती एकच उडी मारत बसायचा. क्लीन चॅनेल कसलीही दयामाया दाखवत नव्हता. बोट पोचलं की सांगायचा, नाही पोचलं की तेही सांगायचा. गिटार हातात नसतानाही बोट चाळा करू लागलं. एका पेशंटने तर विचारलं, “डॉक्टर, माझ्या गालावर काय टाइप करताय?”

पुढच्या रविवारी बोट पोचलं. कॉर्ड उघडला, चकचकीत, नव्या दातासारखा. आणि ताईने सवयीने आपला जुना सूर लावला. दोन्ही एकमेकांवर असे आदळले की बेकरीवाल्याने झांज हाताने धरून बंद केली.

“मी सुधारते,” ताई म्हणाली. दुसऱ्यांदा तिने सूर वर नेला. बरोबर लागला, काडीचीही चूक नव्हती. पण रेल्वेच्या फलाटावर गाडी आल्याची सूचना देतात तसं ते ‘आलास तू’ निघालं.

“छान,” साडू म्हणाला. “आता बरोबर आहे.” आणि बेसच्या खुंट्या उगाचच पिळू लागला.

“परत घेऊ?” डॉक्टरने विचारलं.

“घ्या.”

परत घेतलं. परत गाडी आली.

ताईने माइक खाली केला. “अहो, इकडे बघा. खरं सांगा.”

साडूने खुंट्या सोडल्या. गोळ्यांबद्दल बोलताना त्याला शब्द शोधावे लागत नसत, आता लागले. “मी ते लिहिलं तेव्हा तरुण होतो. मला वाटायचं, तो आला की झालं. आनंदीआनंद. पण तू जे म्हणायचीस ना, त्यात असं यायचं की आला खरा, पण किती वाट बघायला लावली मेल्याने.” त्याने चष्मा पुसला. “दुकानात कुणी नसलं की मी गुणगुणतो, ते तुझंच. माझं नाही.”

ताईने कमरेवर हात ठेवले. “मग इतकी वर्षं भांडलात कशाला?”

“बरोबर कोण, ते ठरायचं होतं ना!”

बेकरीवाला काड्यांमागे तोंड लपवून हसू लागला. डॉक्टरला एकदम हुरूप आला. “म्हणजे बघा, मी तसा चुकलो नव्हतोच.”

“चुकला होतात!” तिघं एकदम म्हणाले.

मग ताईनेच निकाल दिला. ओळ तिची होती, तोंड तिचं होतं, तेव्हा त्या दिवशी काय वाटतंय ते तीच ठरवणार. आनंदाचं म्हणायचं असेल तर ती ऐनवेळी डॉक्टरकडे बघून भुवई वर करील, आणि डॉक्टरने बोट टेकवायचं. नाही केली भुवई, तर बोट वरच. साडूचा सूर दोन्हीकडे सारखा, त्यामुळे त्याला आधी काहीही कळणार नव्हतं. त्याने गप्प वाजवायचं आणि वाट बघायची.

“हा अन्याय आहे,” साडू म्हणाला.

“तुम्हीच लिहिलंय गाणं वाट बघण्याचं. बघा आता,” ताई म्हणाली.

त्यानंतरचे रविवार मजेत गेले. ताईची भुवई कधी वर गेलीच नाही. साडू दर वेळी कान टवकारायचा, दर वेळी तेच जुनं, ओळखीचं ‘आलास तू’ यायचं, आणि तो मान हलवून पुढे वाजवायचा. डॉक्टरला मात्र नवंच काम लागलं होतं. आजवर तो वाजवताना स्वतःच्या बोटांकडे बघायचा. आता त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत होतं. त्यामुळे त्याला कळलं की ताई प्रत्येक ओळीआधी श्वास किती घेते, आणि बेकरीवाला त्या श्वासासाठी जागा सोडतो. ड्रम इतके जोरात असतानाही तो सोडतच होता, इतकी वर्षं. डॉक्टरला फक्त ऐकू आलं नव्हतं.

वाचनालयाच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला, तो असाच एका संध्याकाळी. खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या होत्या. डॉक्टरची बायको पहिल्या रांगेत बसली होती आणि ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत होती की तो काळा पेटारा आमचा. खिडकीचं गाणं शेवटी ठेवलं होतं.

चाहुलीची ओळ आली. डॉक्टरने ताईकडे पाहिलं. ताईने डोळे मिटून घेतले होते. भुवई वर नाही, खाली नाही, काहीच कळेना. बोट तारेच्या वर लोंबकळलं. इतक्यात त्याला ताईचा श्वास ऐकू आला. नेहमीपेक्षा मोठा, लांब, पायऱ्या धावत चढण्याआधी घेतात तसा. त्याने बोट टेकवलं.

ताईने सूर वर उघडला. फलाटावरची सूचना नव्हती ती. त्यात उशीर झाल्याचा राग होता, थकवा होता, आणि तरीही दार उघडायला धावत गेलेली ती होती. ‘आलास तू.’ घरात जन्मभर ‘अहो’ म्हणणाऱ्या बाईला गाण्यात एकदा ‘तू’ म्हणायला मिळतं, ते तिने पुरेपूर म्हणून घेतलं.

आणि बेस बंद पडला. साडूची बोटं तारेवर होती, पण हलत नव्हती. बेकरीवाल्याने एकट्याने गाणं ओढून नेलं, हलक्या हाताने, जे त्याला जमत नाही असं सगळे समजत होते.

टाळ्या झाल्या, लोक पांगले. साडू खाली बसून वायर गुंडाळत होता, गुंडाळलेली उलगडून परत गुंडाळत होता. ताई पाण्याची बाटली घेऊन त्याच्याजवळ आली.

“काय झालं हो तुम्हाला मधेच?”

“काही नाही. मला वाटलं, आजही तसंच म्हणशील.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” ताई म्हणाली आणि बाटली त्याच्या हातात दिली.

तिकडे दारातून बेकरीवाला ओरडत होता की पहाटे भट्टी पेटवायची असते, ज्यांचं धूड आहे त्यांनी निदान एक बाजू तरी धरावी. डॉक्टर बाह्या सारून पुढे झाला. ट्यूब अजून गरम होत्या, म्हणून त्याची बायको म्हणाली, “थांबा, निवू दे जरा,” आणि सगळे रिकाम्या खुर्च्यांवर बसून राहिले.